रोजच्या प्रवासात अद्भुताची सोबत : कादंबरी निवडताना

कर्जत-कसारा असो वा विरार-पनवेल, मुंबईच्या उपनगरांतून नोकरीसाठी येणाऱ्या माणसाच्या दिवसातील दोन-तीन तास लोकलमध्ये जातात. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर, तर विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. घरच्या जबाबदाऱ्या आणि कचेरीतील काम यांच्या मध्ये सापडलेला हा वेळ अनेकांच्या बाबतीत दिवसातील एकमेव स्वतःचा वेळ असतो. कोणी तो भजनात घालवतो, कोणी पत्त्यांच्या डावात, महिलांच्या डब्यात कोणी रात्रीची भाजी निवडून घेते. काहीजण मात्र पिशवीतून पुस्तक काढतात आणि पुढचा अर्धा तास डब्यात नसतातच.

अशा वाचकांना अद्भुतरम्य कादंबरीचे, म्हणजेच ‘फॅण्टसी’चे, आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. गर्दी, घाम आणि उद्घोषणा यांच्यापासून दूर नेण्याची ताकद या वाङ्मयप्रकारात मोठी आहे. पण निवड बहुधा नावलौकिकावर होते. चित्रपट किंवा मालिका पाहून हजार पानांचा ग्रंथ आणला जातो, ऐंशीव्या पानावर तो अडतो आणि त्याबरोबर वाचनाची सवयही सुटते. दोष वाचकाच्या रुचीचा नसतो आणि बहुधा पुस्तकाचाही नसतो. एखादे पुस्तक श्रेष्ठ असणे वेगळे आणि ते तुकड्यातुकड्याने वाचण्यास सोयीचे असणे वेगळे. प्रवासातील कादंबरी निवडताना पाहायची मुख्य गोष्ट एकच : काल सोडलेल्या जागी आज किती चटकन परत जाता येते.

रेल्वे आणि पुस्तक : जुने नाते

प्रवासासाठी वेगळी पुस्तके असावीत ही कल्पना रेल्वेइतकीच जुनी म्हणावी लागेल. लंडनच्या यूस्टन स्थानकावर डब्ल्यू. एच. स्मिथ यांचा पुस्तकांचा स्टॉल १८४८ मध्ये सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी, १८४९ मध्ये, रूटलेज या प्रकाशनसंस्थेने ‘रेल्वे लायब्ररी’ ही स्वस्त कादंबऱ्यांची माला काढली. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली आणि १८७७ मध्ये अलाहाबादेत ए. एच. व्हीलर कंपनीची स्थापना झाली. पुढे देशभरच्या फलाटांवर दिसू लागलेले पुस्तकांचे स्टॉल ते याच कंपनीचे. व्हीलरने १८८८ मध्ये ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ ही एक रुपया किमतीची माला प्रसिद्ध केली. तिच्यात रुडयार्ड किपलिंग यांच्या आरंभीच्या कथा होत्या आणि त्यांतील ‘द फँटम रिक्षा’ हा संग्रह तर भुताखेतांच्या व गूढ कथांचाच होता. म्हणजे भारतीय रेल्वेच्या प्रवाशाला अद्भुताची सोबत निदान सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहे.

या मालांमधील पुस्तके हलकी, स्वस्त आणि हातात मावणारी होती. प्रवासाची गरज ओळखूनच त्यांचा आकार व किंमत ठरत असे. आजच्या वाचकाने निवड करताना हीच दृष्टी ठेवावी.

वेताळाचा दाखला

तुकड्यातुकड्याने सांगितलेल्या अद्भुतकथेचा सर्वांत सुंदर नमुना आपल्या परंपरेतच आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त आलेली आणि पुढे मराठीतही लोकप्रिय झालेली ‘वेताळपंचविशी’ ही मुळात एका वाटेवरची कथा आहे. राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. वाट सरावी म्हणून प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. राजा बोलतो आणि खेप पुन्हा सुरू होते. एका खेपेला एक गोष्ट, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, आणि सर्व गोष्टींना बांधणारा एकच धागा.

‘अरेबियन नाइट्स’ची रचना याच्या उलट आहे. तेथे गोष्ट ऐन रंगात आली की पहाट होते आणि उरलेला भाग दुसऱ्या रात्रीवर जातो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या भाषांतरामुळे या कथा एकोणिसाव्या शतकातच मराठीत आल्या.

प्रवासी वाचकाला उपयोगी पडणाऱ्या कादंबऱ्या साधारणपणे या दोन वळणांच्या असतात. काहींचे प्रत्येक प्रकरण स्वतःपुरते पूर्ण असते, तर काहींचे प्रकरण उत्कंठेच्या टोकावर संपते. पहिल्या प्रकारात मन शांतपणे पुस्तक मिटू शकते, दुसऱ्यात संध्याकाळच्या गाडीची वाट पाहते. दिवसभराच्या कामात ज्यांचे लक्ष सहज विचलित होते त्यांनी पहिला प्रकार निवडावा.

निवडीच्या कसोट्या

दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हाती घेतल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात.

प्रकरणाची लांबी : अनुक्रमणिका पाहावी. दहा ते वीस पानांची प्रकरणे लोकलच्या प्रवासाला योग्य ठरतात. प्रकरणे मोठी असतील तर आत मोकळ्या ओळी सोडून प्रसंग वेगळे केले आहेत का, ते पाहावे.

नावांची संख्या : पहिल्या दहा पानांत किती व्यक्ती, राज्ये आणि वंश येतात ते मोजावे. पाच-सहा नावांपर्यंत ठीक. सुरुवातीला नकाशा असणे चांगले, पण तो पाहिल्याविना वाचताच येत नसेल तर उभ्या प्रवासात ते पुस्तक जाचक होते.

नवखा नायक : ज्या कथेत नायक स्वतःच त्या अद्भुत जगात नवखा असतो ती वाचकाला सोपी जाते. त्याला जे समजावून सांगितले जाते ते आपल्यालाही कळते आणि वेगळे पाठांतर लागत नाही.

कथनाचा एकच धागा : एका पात्राच्या मागून चालणारी कथा सोमवारी सोडून बुधवारी उचलता येते. सहा ठिकाणी एकाच वेळी घडणारी कथा तशी उचलता येत नाही.

पूर्णता : पुस्तक एकटेच पूर्ण आहे, की मालेतील एक खंड आहे? माला असेल तर ती पुरी झाली आहे का?

शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. पुस्तक मधूनच कोठेतरी उघडून दोन पाने वाचावीत. कोण बोलते आहे, कोठे आहे आणि त्याला काय हवे आहे, हे साधारण कळले तर ते पुस्तक प्रवासात साथ देईल. पहिले पान लेखकाने घासूनपुसून लिहिलेले असते, त्यामुळे ते नेहमीच चांगले वाटते.

वेळेचा हिशेब

तासाभराच्या प्रवासात तासभर वाचन होत नाही. गाडीत शिरणे, जागा मिळवणे, चौथ्या सीटवर टेकणे, उतरण्यासाठी आधीच्या स्थानकावर दाराकडे सरकणे, यात बराच वेळ जातो. एका बाजूला २५ मिनिटे खरे वाचन धरावे. मिनिटाला २०० शब्द या सर्वसाधारण वेगाने एका प्रवासात ५ हजार आणि जाऊन-येऊन दिवसाला १० हजार शब्द वाचून होतात.

या मापाने पाहिले तर सी. एस. लुईस यांचे नार्नियाचे पहिले पुस्तक (इंग्रजीत सुमारे ३८ हजार शब्द) चार दिवसांत संपते. उर्सुला ल ग्वीन यांचे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (सुमारे ५६ हजार) सहा दिवस घेते, ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग (सुमारे ७७ हजार) आठ दिवस आणि टॉल्किन यांचे ‘द हॉबिट’ (सुमारे ९५ हजार) दहा दिवस. उलट जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या एकाच खंडाचे सुमारे तीन लाख शब्द होतात, म्हणजे सुट्ट्या वगळून महिन्याहून अधिक प्रवास. नव्याने सवय लावणाऱ्याने पहिले पुस्तक दोन आठवड्यांच्या आत संपेल असे घ्यावे. एक पुस्तक पूर्ण केल्याचे समाधान दुसऱ्या पुस्तकाला बळ देते.

आरंभासाठी काही पुस्तके

जे. के. रोलिंग यांची ‘हॅरी पॉटर’ माला (सात भाग, १९९७ ते २००७) आरंभासाठी आजही उत्तम आहे. या कथेची कल्पना लेखिकेला १९९० मध्ये मँचेस्टरहून लंडनला येताना, उशिराने धावणाऱ्या गाडीत सुचली. कथेतील जादूच्या शाळेची वाटही किंग्ज क्रॉस स्थानकाच्या पावणेदहा क्रमांकाच्या फलाटावरूनच जाते. पहिल्या भागात १७ प्रकरणे आहेत, नायक पूर्णपणे नवखा आहे आणि प्रत्येक भाग शाळेच्या एका वर्षाबरोबर संपतो. चौथ्या भागापासून मात्र पुस्तके बरीच जाड होतात, हे लक्षात ठेवावे. मंजुल प्रकाशनाने ही माला मराठीत आणली असून पहिल्या भागाचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे.

जे. आर. आर. टॉल्किन यांचे ‘द हॉबिट’ (१९३७) हे त्यांच्याच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’पेक्षा प्रवासाला कितीतरी सोयीचे आहे. घराबाहेर पडण्याची मुळीच इच्छा नसलेला एक गृहस्थ नाइलाजाने लांबच्या प्रवासाला निघतो, ही त्याची कल्पना रोजच्या प्रवाशाला सहज पटावी. १९ प्रकरणांपैकी बहुतेकांत एक नवे ठिकाण आणि एक नवे संकट आहे. लेखक वाचकाशी गप्पा मारत असल्यासारखे निवेदन करतो.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) अवघ्या दहा प्रकरणांचे आहे. बेटांच्या जगातील गेड नावाचा गुणी पण गर्विष्ठ मुलगा आपल्याच चुकीने एक सावली मोकळी सोडतो आणि पुढे तिच्यापासून पळत राहतो. प्रत्येक वस्तूचे खरे नाव जाणणे म्हणजे तिच्यावर सत्ता मिळवणे, हा या जगाचा नियम. नामाचे सामर्थ्य ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. भाषा सोपी, पण आशय खोल. ‘सोपे म्हणजे उथळ’ हा गैरसमज दूर करण्यास हे एक पुस्तक पुरे आहे.

डायना विन जोन्स यांचे ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) हे विनोदी अंगाने जाणारे आहे. शापाने म्हातारी झालेली सोफी ही टोप्यांच्या दुकानातील मुलगी एका चालत्या किल्ल्यात आश्रय घेते. त्या किल्ल्याचे एकच दार चार निरनिराळ्या ठिकाणी उघडते. या पुस्तकाची एक सोय अशी की प्रत्येक प्रकरणाच्या शीर्षकातच त्यात काय घडणार ते सांगितले आहे. मागचे विसरलेल्या प्रवाशाला अनुक्रमणिकेवर नजर टाकली तरी कथा आठवते. हायाओ मियाझाकी यांचा २००४ चा चित्रपट याच पुस्तकावर आधारित आहे.

मायकेल एंडे या जर्मन लेखकाच्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ची (१९७९, इंग्रजी अनुवाद १९८३) २६ प्रकरणे इंग्रजी वर्णमालेच्या एकेका अक्षराने क्रमाने सुरू होतात. शाळेच्या माळ्यावर लपून पुस्तक वाचणारा बास्तियन हळूहळू त्या पुस्तकातच ओढला जातो. वाचनात हरवून जाण्याचे सुख आणि त्याचा धोका, दोन्ही या कथेचे विषय आहेत.

टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालेत १९८३ ते २०१५ या काळात ४१ कादंबऱ्या आल्या. कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि त्यांच्यावर तोललेली थाळीसारखी पृथ्वी, हे तिचे चित्र आपल्या दिग्गज-कूर्माच्या कल्पनेची आठवण करून देते. पुस्तकांची संख्या पाहून दचकण्याचे कारण नाही, कारण बहुतेक कादंबऱ्या स्वतंत्रपणे वाचता येतात. मृत्यू स्वतःच एक उमेदवार कामाला ठेवतो, ही कल्पना घेऊन लिहिलेले ‘मॉर्ट’ (१९८७) सुरुवातीला घ्यावे. या लेखकाच्या अनेक पुस्तकांत प्रकरणेच नाहीत, पण प्रसंग लहान असल्याने कोठेही थांबता येते. इंग्रजी विनोदाची आवड मात्र हवी.

ज्यांना थोडे मोठे पुस्तक पेलते त्यांनी ब्रँडन सँडरसन यांची ‘मिस्टबॉर्न’ ही पहिली त्रयी (२००६ ते २००८) पाहावी. धातू गिळून मिळवायच्या शक्तींचे नियम तीत एकेक करून, शिकवणी चालावी तसे उलगडतात. त्रयी पूर्ण झालेली आहे, ही आणखी एक जमेची बाजू.

आपल्या भाषांतील अद्भुत

मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळात अद्भुताला मोठे स्थान होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ना. स. रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ही त्याची ठळक उदाहरणे. त्यांची संस्कृतप्रचुर भाषा आजच्या डब्यातील गोंगाटात जड जाईल, म्हणून त्या घरी निवांत वाचाव्यात. नाथमाधव यांची ‘वीरधवल’ मात्र प्रवासातही रंगते. पिढ्यान्पिढ्या मराठी मुलांनी ती हातावेगळी केली आहे. भाषेचे वळण जुने आहे, पण पहिल्या दोन प्रवासांनंतर ते अंगवळणी पडते.

हिंदी वाचू शकणाऱ्यांनी देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ (१८८८) अवश्य घ्यावी. नौगढ आणि विजयगढ ही दोन राज्ये, वेश पालटण्यात तरबेज असे ऐयार आणि तिलिस्माची कोडी यांनी ती भरलेली आहे. ‘बयान’ या नावाची तिची प्रकरणे छोटी आहेत. ही कादंबरी वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली असे सांगितले जाते. लिपी तीच असल्याने मराठी वाचकाला तेवढेही कष्ट नाहीत.

गूढ आणि भय यांच्याकडे कल असेल तर नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कथा-कादंबऱ्या आहेतच. त्यांच्या ‘समर्थ’ कथा एकेका प्रवासात पुऱ्या होण्याजोग्या आहेत. पुराणातील व्यक्तिरेखा नव्या रूपात पाहायच्या असतील तर अमीश त्रिपाठी यांची शिवावरील त्रयी (२०१० ते २०१३) सोप्या इंग्रजीत आणि मराठी अनुवादातही मिळते. ही त्रयीदेखील पूर्ण आहे.

सुट्टीसाठी राखून ठेवावीत अशी पुस्तके

काही महत्त्वाची पुस्तके प्रवासात वाचल्याने त्यांच्यावर अन्याय होतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) हे त्यांतील पहिले. त्यातील एल्रॉण्डच्या सभेचे प्रकरण अतिशय लांब असून नावांनी आणि पूर्वेतिहासाने गच्च भरले आहे. दादर ते ठाणे या टप्प्यात ते तोडले तर हाती काहीच लागत नाही. मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने केलेला मराठी अनुवादही सुट्टीतच वाचावा.

मार्टिन यांच्या मालेत प्रत्येक प्रकरणाला त्या त्या पात्राचे नाव दिले आहे, ही सोय आहे. पण पात्रांची संख्या इतकी मोठी की पुस्तकाच्या शेवटी घराण्यांच्या याद्या जोडाव्या लागल्या. शिवाय १९९६ ते २०११ या काळात पाच खंड आल्यानंतर वाचकांना सहाव्यासाठी दशकाहून अधिक काळ थांबावे लागले. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ माला १९९० मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये लेखकाचे निधन झाले आणि त्यांच्या टिपणांवरून सँडरसन यांनी ती २०१३ मध्ये चौदाव्या खंडाने पूर्ण केली. चौदा खंडांचा संकल्प सोडण्यापूर्वी हा पल्ला ध्यानात घ्यावा.

काही व्यावहारिक सूचना

एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने उघडता येईल एवढेच पुस्तक घ्यावे. अनेक भाग एकत्र बांधलेल्या जाड आवृत्त्या स्वस्त पडतात, पण उभ्याने वाचता येत नाहीत. त्याच मालेचे सुटे भाग घेणे बरे. मोबाइलवर किंवा ई-वाचकावर वाचणाऱ्यांनी अक्षर मोठे ठेवावे आणि पुस्तक आधीच उतरवून घ्यावे, म्हणजे वाटेत नेटवर्क गेले तरी खंड पडत नाही.

बसमध्ये वाचताना अनेकांना मळमळते. अशांनी पुस्तक ऐकावे. ऐकताना मागे जाणे अवघड असते, म्हणून कमी पात्रांची आणि सरळ कथनाची कादंबरी येथे अधिकच आवश्यक ठरते. रूळ ओलांडण्याचा मोह तर कधीच नको, आणि फलाटावर व रस्त्यावर चालताना कानातले यंत्र काढून ठेवावे.

दारात उभे राहून वाचू नये. दाराजवळ हातात धरलेला मोबाइल बाहेरून फटका मारून पळवला जातो आणि तो वाचवण्याच्या धडपडीत जीवही धोक्यात येतो. पुस्तकात रंगून स्थानक चुकण्याची सवय असेल तर उतरण्याच्या पाच मिनिटे आधीचा गजर कंपनावर लावावा.

पुस्तक मिटताना चालू प्रकरणाच्या मध्ये न मिटता प्रसंग संपेपर्यंत वाचावे. खूण म्हणून जुना पास किंवा तिकीट ठेवावे आणि त्यावर पेन्सिलने एक ओळ लिहावी : कोण, कोठे, कशासाठी. दुसऱ्या दिवशी त्या एका ओळीने दहा पाने मागे जाण्याचा त्रास वाचतो.

सर्व पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून वाचकांची सेवा करीत आले आहे. उपनगरांतही लहानमोठी वाचनालये आहेत. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचा एक फायदा असा की ते न आवडल्यास परत करताना मनाला टोचणी लागत नाही.

ही टोचणी न लागणे महत्त्वाचे आहे. तीन प्रवास होऊनही पुस्तकाने आत ओढून घेतले नाही, तर ते खुशाल परत करावे आणि दुसरे आणावे. गाजलेले पुस्तक संपवण्याचे कर्तव्य कोणावरही नाही. दिवसातला हा अर्धा-पाऊण तास कोणी मुद्दाम दिलेला नाही, तो गर्दीतून ओढून काढलेला आहे. त्याला साजेल असेच पुस्तक पिशवीत असावे.